अ‍ॅनिमे-शैलीतील मुखरेखाटन व व्यक्तिसाम्याचा प्रश्न : ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यातील कोणत्याही महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या वह्यांची शेवटची पाने उघडून पाहावीत, तेथे एक चेहरा हमखास भेटतो. मोठे पाणीदार डोळे, निमुळती हनुवटी, नाकाच्या जागी एखादा ठिपका आणि कपाळावर झुबक्यांनी आलेले केस. हा चेहरा जपानी चलच्चित्रांतून आलेला आहे. त्या चलच्चित्रांना आता आपल्याकडेही ‘अ‍ॅनिमे’ हाच शब्द रूढ झाला आहे. १९९३ साली दूरदर्शनवर मोगलीची ‘जंगल बुक’ मालिका दाखविली गेली, तेव्हा ती मूळची जपानी आहे हे बहुतेक प्रेक्षकांच्या गावीही नव्हते. पुढे २००० नंतरच्या दशकात ‘डोरेमॉन’ व ‘शिनचॅन’ हिंदीतून घराघरांत पोहोचले आणि त्यांच्या सोबतीने वाढलेली पिढी आज महाविद्यालयात आहे. या पिढीचा हात या रेषेवर बसलेला आहे, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागेल.

आपल्या कलाशिक्षणाने या चेहऱ्याची दखल फारशी घेतलेली नाही. महाराष्ट्र शासनाच्या कलासंचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना शाळाशाळांतून विद्यार्थी बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या विषयांचा सराव त्यांना असतो. मात्र चेहरा जवळून न्याहाळण्याचा प्रसंग त्यात क्वचितच येतो. स्मरणचित्रात माणसे येतात, पण ती बाजारातील वा जत्रेतील लहान आकृती म्हणून. त्यामुळे चेहरा काढण्याचे शिक्षण विद्यार्थी स्वतःच घेतो, आणि ते बहुधा पडद्यावरून नक्कल करून.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या आजींचे अ‍ॅनिमे-शैलीतील रेषाचित्र वार्षिक प्रदर्शनात मांडले होते. रेषा अत्यंत स्वच्छ होती. डोळ्यांतील चमक, केसांची वळणे, पदराची चुणी, सर्व काही सफाईदार. तिच्या घरची मंडळी चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी तिची आई म्हणाली, “छान आहे हो, पण ह्या आमच्या आई नाहीत.” विद्यार्थिनीला ते लागले, आणि लागावे असेच ते होते. तिने चूक कोठे केली हे तिला सांगता येईना, व खरे सांगायचे तर त्या क्षणी ते लेखकालाही नेमकेपणाने सांगता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या प्रयत्नातून निर्माण झाला आहे. अ‍ॅनिमे पद्धतीने चेहरा काढताना माणूस हरवतो का, आणि हरवत असेल तर तो रेषेत परत कसा आणावा, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

साच्याची घडण

कोणतीही चित्रशैली काय गाळते हे पाहिले की तिची गरज कळते. एकेकाळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या डहाणू-जव्हार भागातील वारली चित्रांत माणसाला नाकडोळेच नसतात, कारण तेथे महत्त्व माणसाच्या हालचालीला व घोळक्याला आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतील शेकडो आकृतींपैकी एकीलाही चेहरा नाही, आणि तो नसल्याची उणीव कोणाला जाणवतही नाही. अ‍ॅनिमेने याच्या अगदी उलट वाट धरली. तेथे शरीर थोडक्यात आटोपले जाते आणि सर्व भार डोळ्यांवर टाकला जातो.

याचे कारण बरेचसे व्यावहारिक आहे. ओसामू तेझुका (१९२८-१९८९) यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही चित्रकथा १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागली व १ जानेवारी १९६३ पासून तिची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग तयार करावयाचा आणि पैसा तुटपुंजा, अशी ती परिस्थिती होती. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्र चित्र काढण्याऐवजी एकच चित्र तीन चौकटींपर्यंत धरून ठेवले, तर सेकंदाला ८ चित्रांत काम भागते. हालचाल कमी झाली की भावना दाखविण्याचे काम स्थिर चेहऱ्याकडे येते, आणि चेहऱ्यात ते काम सर्वांत कमी खर्चात डोळे करतात. अमेरिकी व्यंगपटांतील मोठ्या डोळ्यांचा आपल्यावर झालेला परिणाम तेझुका यांनी स्वतः मान्य केला होता. त्याच्याही आधी जुनइची नाकाहारा यांच्यासारख्या चित्रकारांनी मुलींच्या मासिकांतून मोठ्या डोळ्यांचे चेहरे रंगविले होते. तेव्हा हे डोळे अमुक एका ठिकाणाहून आले असे म्हणण्यात अर्थ नाही.

रेषेबाबतही असेच आहे. कागदावरील रेखाटन ‘सेल’ म्हटल्या जाणाऱ्या पारदर्शक पत्र्यावर उतरवीत आणि रंग मागच्या बाजूने भरीत. रंग भरावयाचा म्हणजे रेषेने आकार बंद केलेला हवा. शिवाय तीच रेषा अनेक हातांनी शेकडो वेळा काढावयाची असल्यामुळे ती मोजकी हवी. केस सुटे न काढता झुबक्यांनी काढणे, नाकपुड्या गाळणे, ओठ एका रेषेत उरकणे, या सगळ्यांचे मूळ येथे आहे. वहीच्या पानावर एकच व्यक्तिचित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यावर यांपैकी कोणतेही बंधन नसते. त्याला ते चित्र दुसऱ्यांदा काढायचे नसते, आणि रंग मागून भरायचा नसतो. तरीही तो ती बंधने निमूटपणे पाळतो, कारण ती बंधने आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

भारतीय चेहरा या साच्यात बसविण्याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. यूगो साको, कोइची सासाकी व आपले राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा जपान-भारत सहनिर्मितीचा चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला होता. सुमारे १ लाख हातांनी काढलेली सेल-चित्रे त्यासाठी वापरली गेली असे सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित झाला आणि आमच्या अनेक विद्यार्थ्यांनी तो तेव्हाच प्रथम पाहिला. त्यातील पात्रांचे डोळे रूढ अ‍ॅनिमेपेक्षा लहान व लांबट आहेत आणि नाकाला दांडी आहे. म्हणजे साचा वाकविता येतो, हे त्या चित्रपटाने तीसेक वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

मापे

आता प्रत्यक्ष चेहऱ्याकडे वळू. मापांची भाषा येथे उपयोगी पडते, कारण अ‍ॅनिमेचा साचा नेमके काय करतो हे आकड्यांशिवाय नीट ध्यानात येत नाही.

कागदावर ६ सेंमी व्यासाचे वर्तुळ हलक्या हाताने काढावे. हा कवटीचा गोल. त्याच्या मधोमध उभी रेषा घ्यावी व ती वर्तुळाखाली २ सेंमी उतरवून तेथे हनुवटीची खूण करावी. डोक्याची एकूण उंची ८ सेंमी झाली. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, म्हणजे येथे माथ्यापासून ४ सेंमीवर. नवख्या विद्यार्थ्याला हे प्रथम पटत नाही. कपाळ लहान आणि डोळे फार वर, असे चेहरे तो काढीत आलेला असतो. समोरच्या मित्राच्या डोक्याचे माप पेन्सिलीने घ्यावयास लावले की मग पटते.

खऱ्या डोळ्याची उघडी फट उंचीला सुमारे १ सेंमी व रुंदीला सुमारे ३ सेंमी असते. आपल्या ८ सेंमीच्या डोक्यात ती अनुक्रमे ०.३५ व १.१ सेंमीच्या आसपास येईल. अ‍ॅनिमेच्या चेहऱ्यात मात्र वरची पापणी ४.२ सेंमीवर व खालची ५.६ सेंमीवर येते. डोळ्याची उंची १.४ सेंमी, रुंदीही जवळपास तेवढीच. म्हणजे रुंदी सव्वापटीच्या थोडी पुढे जाते, आणि उंची चौपट होते. ‘अ‍ॅनिमेचे डोळे मोठे असतात’ हे सर्वांना ठाऊक आहे. ते मुख्यतः उंचीत मोठे असतात, हे फार थोड्यांनी मोजून पाहिलेले असते.

या एका फरकाचे परिणाम खाली सर्वत्र पसरतात. खऱ्या चेहऱ्यात नाकाचा तळ याच ८ सेंमीच्या मापात साधारण ५.७ सेंमीवर येतो. याचा अर्थ असा, की जेथे माणसाचे नाक संपते तेथे अ‍ॅनिमेचा डोळा संपतो. आता नाक, ओठ व हनुवटी या तिघांनी उरलेल्या २.४ सेंमीत दाटीवाटीने राहावयाचे. नाक ६.४ वर एका टिंबाइतके उरते, ओठांची रेषा ७ वर येते आणि दोघांमधील जागा जवळजवळ नाहीशी होते. नाक ठिपक्याएवढे असणे ही चित्रकाराची लहर नव्हे. डोळ्याने त्याची जागा घेतलेली असते.

आजींच्या चित्रात काय झाले असेल याचा पहिला धागा येथे सापडतो. मनुष्याच्या चेहऱ्यातील व्यक्तिगत वेगळेपण बरेचसे नाक, वरचा ओठ, जबडा यांत साठलेले असते, आणि साचा नेमकी हीच जागा सर्वांत जास्त आवळतो. उरतात ते डोळे, पण ते साच्याचे असतात.

साम्य कोठे असते

येथे मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका कलेची मदत घ्यावी असे सुचवावेसे वाटते. बाळासाहेब ठाकरे किंवा आर. के. लक्ष्मण यांनी काढलेली राजकीय नेत्यांची अर्कचित्रे आठवावीत. त्यांत मापे पार बिघडलेली असतात. नाक दुप्पट, कान तिप्पट. तरीही माणूस क्षणात ओळखू येतो, किंबहुना छायाचित्रापेक्षाही लवकर ओळखू येतो. सूझन ब्रेनन यांनी १९८२ साली अमेरिकेत संगणकाकडून अर्कचित्रे काढून घेण्याची जी पद्धत बसविली, तिचे तत्त्व फार साधे होते. अनेक चेहऱ्यांचा सरासरी चेहरा घ्यावा, एखाद्या माणसाचा चेहरा त्या सरासरीपासून जेथे जेथे दूर जातो ते अंतर मोजावे, आणि ते त्याच दिशेने वाढवावे. जे लांब आहे ते आणखी लांब, जे आखूड आहे ते आणखी आखूड. आपल्या व्यंगचित्रकारांनी हे गणित कधी मांडले नसेल, पण त्यांची नजर तेच करीत आली.

अ‍ॅनिमेचा साचा याच्या विरुद्ध दिशेने चालतो. तो प्रत्येक चेहऱ्याला सरासरीकडे ओढतो, आणि तीही एका आदर्श, अल्पवयीन सरासरीकडे. मालिकेत दहा पात्रे वेगळी ओळखू यावीत म्हणून मग केसांची ठेवण व रंग बदलावे लागतात. मुख्य पात्रांचे केस काढून टाकले तर कित्येक चेहरे एकमेकांवर चपखल बसतील. मालिकेला हे चालते, व्यक्तिचित्राला चालत नाही. मार्च २०२५ मध्ये छायाचित्राचे जपानी धर्तीचे चित्र करून देणाऱ्या संगणकीय साधनाची लाट आली तेव्हा आपल्याकडेही घरोघरच्या कुटुंबांची तशी चित्रे फिरू लागली. गोड होती ती. त्यांतील कित्येक मावश्या, काका व नातवंडे मात्र एकाच घरात जन्मल्यासारखी दिसत होती. यंत्राने जे केले तेच आमचे विद्यार्थी हाताने करीत आलेले होते, हे त्या वेळी प्रकर्षाने जाणवले.

तेव्हा अ‍ॅनिमे पद्धतीने खऱ्या माणसाचे रेषाचित्र काढावयाचे असेल, तर साच्याच्या ओढीला अर्कचित्राची ओढ जोडावी लागते. त्यासाठी वर्गात पुढील रीत अवलंबिली जाते. प्रथम माणसाला समोर बसवून त्याचे साधे, मोजून काढलेले पेन्सिलचित्र करावे. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रासाठी हात ताठ करून पेन्सिलीने माप घेण्याची सवय येथे जशीच्या तशी कामी येते. तांब्या-भांड्याच्या जागी फक्त शेजारचा मित्र येतो. मग त्या चित्राच्या बाजूला त्या माणसाची तीन वेगळेपणे शब्दांत लिहावीत. तीनच. अधिक लिहिली की सारेच सारखे महत्त्वाचे वाटू लागते. ‘नाक छान आहे’ असले वाक्य चालत नाही, ‘नाकाचा शेंडा खाली वळतो’ असे हवे. त्यानंतर अ‍ॅनिमेचा साचा हलका आखून ती तीन वेगळेपणे त्याच दिशेने, थोडी वाढवून त्यात बसवावीत.

आजींच्या बाबतीत अशी यादी पुढे तयार झाली. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे उतरलेले आहेत. नाक व वरचा ओठ यांतील अंतर बरेच आहे. दात गेल्यामुळे ओठ आत ओढले जाऊन हनुवटी पुढे आली आहे. पहिल्या चित्रात या तिन्ही गोष्टी पुसल्या गेल्या होत्या. साच्याप्रमाणे डोळ्याचा बाहेरचा कोपरा वर उचललेला होता, नाक-ओठ एकमेकांना चिकटलेले होते आणि हनुवटी सोळा वर्षांच्या मुलीची होती. दुरुस्ती करताना डोळ्यांची उंची १.४ वरून १ सेंमीवर आणली, नाक किंचित वर घेतले आणि ओठ ७.२ वर उतरविले. नाक-ओठांतील अंतर एवढ्याने जवळपास दीडपट झाले. डोळे अजूनही खऱ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट उंच होते, त्यामुळे शैली सुटली नाही.

छायाचित्रावरून काम करणाऱ्यांसाठी एक इशारा येथेच द्यावयास हवा. हातभर अंतरावरून फोनने काढलेल्या छायाचित्रात नाक व कपाळ फुगतात आणि कान मागे पडतात. तेच माप धरून चित्र काढले तर दोष भिंगाचा असतो व बोल चित्रकाराला लागतो. दोन-तीन मीटर मागे जाऊन घेतलेले छायाचित्र बरे. आणि पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःच काढलेली छबी काही फोनमध्ये आरशाप्रमाणे उलटी जतन होते. भांग उलट्या बाजूला जातो. त्या पहिल्या चित्रात आजींची चमकी उजव्या नाकपुडीवर आली होती, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

पाऊण चेहरा

समोरून दिसणारा चेहरा साधला की विद्यार्थी पाऊण वळलेल्या चेहऱ्याकडे जातो आणि तेथे अडतो. पडद्यावरून नक्कल करणाऱ्याला वळणारे डोके एक घन वस्तू म्हणून माहीत नसते. पलीकडचा डोळा अरुंद होतो, मधली रेषा वळणाच्या बाजूला सरकून फुगीर होते, पलीकडच्या गालाची कड डोळ्याच्या खाचेपाशी आत जाते व गालाच्या हाडावर बाहेर येते. हे सर्व पाठ करून येत नाही. यावर उत्तम उपाय म्हणजे घडविलेल्या डोक्याभोवती फिरणे. मुंबईतील गेटवे ऑफ इंडियासमोरचा १९६१ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार सदाशिव उर्फ भाऊ साठे (१९२६-२०२१) यांनी डोंबिवलीत आपल्या शिल्पांचे ‘शिल्पालय’ उभारले. एखाद्या व्यक्तिशिल्पाभोवती अर्धे पाऊल, अर्धे पाऊल सरकत त्याच चेहऱ्याची पाच रेखाटने केली, तर पडद्यासमोर घालविलेल्या महिन्याचे काम एका दुपारी होते. शिल्प हलत नाही, कंटाळत नाही, आणि ‘झालं का?’ असे विचारीत नाही.

आपल्याकडचे चेहरे

साचा परदेशातून आला की काही प्रश्न आपल्या मातीतले उभे राहतात. पहिला केसांचा. अ‍ॅनिमेच्या रेषाचित्रात केसांचे आकार कोरे ठेवून नुसत्या बाह्यरेषेने दाखवितात, कारण पुढे त्यांत रंग भरावयाचा असतो. रंगाविना हे चित्र संपले, तर काळ्याभोर केसांची मुलगी पांढऱ्या केसांची दिसते. केस सपाट काळ्या शाईने भरून त्यात डोक्याच्या गोलाईनुसार चकाकीची एक तुटक पट्टी कोरी ठेवावी. तेल लावून घट्ट विंचरलेल्या केसांना ही पट्टी सरळ व सलग, मोकळ्या केसांना दातेरी. वेणी घालताना तीन पेडांचे वळण प्रथम पेन्सिलीने पुरते समजून घ्यावे. येथे समोरची वेणीच गुरू.

दुसरा प्रश्न नाकाचा. ठिपक्यावर चमकी वा नथ टेकणार कशी? दागिना बसावयाचा तर नाकपुडीची एक छोटी चंद्रकोर काढलीच पाहिजे. भरघोस मिशीचेही तेच. मिशी हवी असेल तर तिला नाक व ओठ यांमध्ये जागा करून द्यावी लागते, म्हणजे डोळे आखूड करावे लागतात. टिकली मात्र या शैलीत सुरेख बसते. पण तिची जागा भुवयांच्या मध्यावर नेमकी पाहावी, कारण मोठ्या डोळ्यांमुळे भुवया वर सरकलेल्या असतात आणि टिकली कपाळाच्या मध्यावर जाऊन बसण्याचा धोका असतो.

तिसरा प्रश्न नाजूक आहे. वर्ण सावळा दाखविण्यासाठी विद्यार्थी गालावर तिरप्या रेघांचे जाळे घालतात. रेषाचित्रात अशा रेघांचा अर्थ वाचक सावली, वय किंवा मळ असा लावतो. वर्ण दाखविण्याची ती रीत नव्हे. कागद कोरा ठेवावा आणि भोवतीच्या काळ्या-पांढऱ्याचा तोल असा साधावा, की कोरा कागद गोरेपणा सांगणार नाही. डोळ्याचा पांढरा भाग, दात व दागिने यांना बारीक रेषेने वेढून त्यांचा पांढरेपणा स्वतंत्र दाखविला, तर त्वचा त्यांच्याहून वेगळी भासते. आमच्या काही विद्यार्थिनींनी स्वतःला गोऱ्या कातडीची काढण्याची सवय याच शैलीतून उचलली, असे लेखकाचे निरीक्षण आहे. त्याबद्दल त्यांच्याशी स्पष्टपणे बोलावे लागले.

वार्धक्याचे काय? अ‍ॅनिमेत सुरकुत्या फार जपून घालतात, आणि ते योग्यच आहे. रेषाचित्रातील प्रत्येक सुरकुती ही ओठांच्या रेषेइतकीच जाड व महत्त्वाची दिसते. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत येणारी एक रेषा, तीही मध्ये तुटलेली, आणि डोळ्याखाली एक छोटी कमान, एवढ्यात साठी-सत्तरी दिसते. वय रेषांच्या संख्येपेक्षा आकारात अधिक असते.

रेषा व शाई

व्यक्तिचित्राची रेषा ही एकसारख्या जाडीची तार नसते. वरच्या पापणीची रेषा सर्वांत जाड, कारण पापणीचे केस व तिची सावली दोन्ही तीत सामावलेली असतात. खालची पापणी बारीक, आणि मध्ये सोडलेली. बुबुळ पूर्ण गोल काढू नये. वरच्या पापणीने त्याचा थोडा भाग झाकला नाही तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. चमकेचा कोरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला यावा. दोन रेषा जेथे मिळतात, जसे केस व कानशील किंवा जबडा व मान, तेथे शाई किंचित साचू द्यावी. गालाच्या कडेला उजेड आहे तेथे रेषा निमुळती होत विरावी. मराठी वाचकाने ही बोलकी रेषा दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांच्या कथाचित्रांत पाहिलेली आहे, आणि शि. द. फडणीस यांच्या निःशब्द व्यंगचित्रांत तिची दुसरी, शांत तऱ्हाही पाहिलेली आहे. दिवाळी अंक वाचणाऱ्या घरांत जुने गठ्ठे अजून सापडतात. ते विद्यार्थ्याला मागून घ्यावयास सांगावेत.

साधने साधीच पुरतात. जाड कार्ट्रिज कागद, एचबी पेन्सिल, ०.१ ते ०.५ मिमी टोकाची काळी पेने, आणि जमल्यास टाकाची लवचीक निब व काळी शाई. निबेवर दाब वाढविला की रेषा रुंदावते, सैल सोडला की निमुळती होते. हा धडा पेनाने मिळत नाही. गोळी-पेनाने रेषा पुन्हा पुन्हा गिरवून ती जाड करण्याची खोड लागलेली असते, ती आधी मोडावी. लांब वळणाची रेषा मनगट टेकून न काढता कोपरापासून हात फिरवून एका दमात काढावी, लागल्यास कागद वळवावा. संगणकाच्या पाटीवर काम करणाऱ्यांना रेषा सावरून देणारी सोय मिळते. तिचा उपयोग जरूर करावा, परंतु ती अगदी वर नेऊन ठेवली की सर्वांच्या रेषा एकाच हाताच्या वाटू लागतात.

शाई कोणत्या क्रमाने चढवावी, याविषयी मतभेद आहेत. अनेक विद्यार्थी डोळ्यांपासून प्रारंभ करतात, कारण त्यांना तेच काढावयाचे असतात. डोळे भरजरी होतात आणि बाकीचा चेहरा त्यांच्या मागे ओढत न्यावा लागतो. गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांच्या रेखाटनाला ‘आखणी’ म्हणतात. मूर्तीचे अंगरंग, सोवळे, दागिने झाल्यावर, बहुधा शेवटी, कारखान्यातील सर्वांत मुरलेला हात आखणीला बसतो. मूर्तीची नजर कोठे पडणार हे बाकी मूर्ती तयार झाल्यावाचून ठरविता येत नाही, असे त्यामागचे कारण कारागीर सांगतात. व्यक्तिचित्रातही हाच क्रम लेखकाला हितावह वाटतो. प्रथम जबडा, नाक, ओठ, मग केस व कपडे, आणि डोळे अगदी अखेरीस. तोपर्यंत साच्याचे डोळे घालण्याची घाई मनातून गेलेली असते आणि त्या चेहऱ्याला कोणते डोळे हवेत हे चेहराच सांगू लागतो.

त्या विद्यार्थिनीने आजींचे दुसरे चित्र याच क्रमाने पूर्ण केले. या वेळी छायाचित्र न वापरता, डोंबिवलीच्या घरातील गॅलरीत आजी भाजी निवडीत बसल्या असताना तीन दुपारी तिने मापे घेतली. चमकी डाव्या नाकपुडीवर आली. चित्र घरी दाखविले तेव्हा आईने काही न बोलता ते आजींच्या हाती दिले. आजींनी चष्मा लावून ते निरखले, आणि म्हणाल्या, “मीच आहे ही. पण डोळे एवढे मोठे कशाला केलेस गं?”